ग्वाल्हेरचे विसरलेले खासदार डॉ. खरे, आणि मुख्यमंत्री नेमका कोणाचा हा प्रश्न

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. ‘मी शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि केवळ जन्माच्या अपघाताने हिंदू आहे’ आणि खाली नाव जवाहरलाल नेहरूंचे. पाठवणारा माझा भाचा. मी त्याला लिहिले, अरे, हे नेहरूंचे वाक्य नाही, त्यांच्या आत्मचरित्रात ते कुठेही नाही. नेहरूंना उद्देशून ते वापरले डॉ. नारायण भास्कर खरे यांनी. त्याचे उत्तर लगेच आले : ‘मावशी, हे खरे कोण?’

त्या ग्रुपवर तेवीस माणसे आहेत. बहुतेकांचा जन्म लष्कर या ग्वाल्हेरच्या भागात झालेला. कोणी दौलतगंजातले, कोणी कंपूचे, दोघे-तिघे नोकरीपायी पुण्याला गेलेले. पण डॉ. खरे हे आपल्याच ग्वाल्हेरचे खासदार होते, तेही पहिल्या लोकसभेत, हे एकालाही माहीत नव्हते. ग्वाल्हेरचा खासदार म्हटले की आपल्याला राजमाता विजयाराजे शिंदे आठवतात, वाजपेयी आठवतात, नारायणराव शेजवलकर, माधवराव शिंदे. त्यांच्याही आधी या जागेवर नागपूरचे एक मराठी डॉक्टर निवडून गेले होते.

मी राज्यशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली. ‘मुख्यमंत्र्याला कोण काढू शकतो?’ हा प्रश्न दर वर्षी वर्गात यायचा, आणि पुस्तकातले उत्तर मुलांच्या गळी कधीच नीट उतरायचे नाही. खऱ्यांची गोष्ट सांगितली की मात्र उतरायचे. म्हणून भाच्याला दोन ओळींत उत्तर न देता सविस्तरच लिहिते आहे.

आधी माणूस थोडक्यात. जन्म पनवेलचा, एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातला. शिक्षण जबलपूरला आणि पुढे लाहोरच्या मेडिकल कॉलेजात. पनवेलचा मुलगा लाहोरला कसा, असे वाटेल. पण जबलपूर-नागपूर ज्यात होते त्या मध्य प्रांतात त्या काळी पदवी देणारे वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. नागपुरातली रॉबर्टसन वैद्यकीय शाळा १९१४ ची, आणि तीही परवान्यापुरते शिक्षण देणारी. लखनौचे कॉलेजही १९११ मध्ये सुरू झाले. म्हणजे त्याआधी डॉक्टर व्हायचे तर मुंबई, कलकत्ता नाहीतर लाहोर गाठावे लागे. खरे लाहोरला शिकले, एम.डी. झाले, काही वर्षे सरकारी वैद्यकीय नोकरीत राहिले. ती सोडून नागपुरात दवाखाना थाटला आणि १९१६ पासून काँग्रेसमध्ये आले.

डॉक्टर राजकारणात का येत, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. सरकारी नोकराला तेव्हा राजकारण वर्ज्य होते. जमीनदाराचा महसूल सरकारच्या मुठीत, शाळामास्तराचे अनुदान सरकारच्या मुठीत. ज्याची भाकरी सरकारवर अवलंबून नाही असे शिकलेले लोक दोनच, वकील आणि डॉक्टर. त्यातही वकिलाची सनद न्यायालय काढून घेऊ शकत असे. डॉक्टर तुरुंगातून सुटून आला तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडू शकत असे, आणि रोगी येतच असत. शिवाय डॉक्टर घराघरांत जाई. आमच्या लहानपणी लष्करातले डॉक्टर सायकलवरून घरी येत, नाडी पाहता पाहता घरातले भांडणही ऐकून घेत आणि फी वहीत मांडून ठेवत. अशा माणसाला मत मागायला वेगळी ओळख लागत नाही. नागपुरात तर ही परंपराच होती. डॉ. मुंजे डोळ्यांचे डॉक्टर, डॉ. हेडगेवार कलकत्त्याला वैद्यकी शिकलेले. देशपातळीवर डॉ. अन्सारी, बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय, मच्छलीपट्टणमचे डॉ. पट्टाभी सीतारामय्या. १९३७ मध्ये काँग्रेसची प्रांतिक सरकारे आली तेव्हा त्यांच्या मुख्यमंत्र्यांत दोन डॉक्टर होते, पेशावरला डॉ. खानसाहेब आणि नागपूरला डॉ. खरे. काँग्रेसच्या मंत्र्यांनी महिना पाचशे रुपयेच घ्यायचे ठरले होते. चालता दवाखाना मागे ठेवून येणाऱ्यासाठी ते पद कमाईचे नव्हते.

आता मुख्य गोष्ट. मध्य प्रांत व वऱ्हाड नावाचा प्रांत इंग्रजांनी त्यांच्या सोयीने जोडला होता. राजधानी नागपूर. पण आत तीन वेगळे प्रदेश. जबलपूर, सागर, रायपूरचा हिंदी भाग म्हणजे महाकोशल. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा मराठी भाग. आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा म्हणजे वऱ्हाड. काँग्रेसने मात्र १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे पाडल्या होत्या. त्यामुळे या एका प्रांतात काँग्रेसच्या तीन प्रांतिक समित्या झाल्या, महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. घर एक आणि चुली तीन. प्रत्येक चुलीचा कारभारी वेगळा, हिशेब वेगळा.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला विधानसभेच्या ११२ पैकी ७० जागा मिळाल्या. आता तीन चुलींनी एका पंगतीला बसायचे होते. डॉ. खरे नेते झाले. त्या वेळी प्रांताच्या प्रमुखाला मुख्यमंत्री नव्हे तर पंतप्रधान म्हणत. मी इथे सोयीसाठी मुख्यमंत्रीच म्हणते. त्यांच्या मंत्रिमंडळात महाकोशलचे तीन वजनदार मंत्री होते : रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल, जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. मराठी बाजूला खऱ्यांबरोबर गोळे आणि देशमुख. वर्षभरातच खटके उडू लागले. कोणाच्या भागात किती पैसा, कोणाच्या माणसाची बदली, कोणाच्या खात्यात कोणाचा हात, असले सगळे. १९३८ च्या मेमध्ये पचमढीला वरिष्ठ नेत्यांसमोर समेट झाला. तो दोन महिनेही टिकला नाही.

इथून पुढचे समजायचे तर मुख्यमंत्र्याच्या कमरेला बांधलेल्या तीन दोऱ्या डोळ्यांसमोर आणा.

पहिली दोरी विधानसभेच्या हातात. बहुमत आहे तोवर मुख्यमंत्री आहे. ही दोरी आपल्या सर्वांच्या ओळखीची.

दुसरी राज्यपालाच्या, तेव्हाच्या भाषेत गव्हर्नरच्या हातात. १९३५ च्या कायद्याचे ५१ वे कलम सांगत होते की मंत्र्यांना गव्हर्नर निवडेल आणि त्याची मर्जी असेतो ते पदावर राहतील. कागदावर ही दोरी सगळ्यांत जाड होती. म्हणूनच १९३७ च्या आरंभी निवडणुका जिंकूनही काँग्रेसने जुलैपर्यंत मंत्रिपदे घेतली नव्हती. तुम्ही आपले खास अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाही, असा भरवसा द्या, हा तिचा हट्ट होता. मधले तीन-साडेतीन महिने नागपुरात राघवेंद्र राव यांचे बिनबहुमताचे हंगामी सरकार चालले. गव्हर्नरची ही दोरी सैल पडावी म्हणून काँग्रेसने किती ताणून धरले होते हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा संताप त्यातूनच आला.

तिसरी दोरी पक्षश्रेष्ठींच्या हातात. हिचा उल्लेख कुठल्याच कायद्यात नव्हता. मंत्रिमंडळांवर देखरेख करायला काँग्रेसने सरदार पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रप्रसाद यांची संसदीय उपसमिती नेमली होती. बाकीच्या प्रांतांना श्रेष्ठी दूर तरी होते. खऱ्यांच्या बाबतीत ते उंबऱ्यावरच बसलेले. गांधीजी सेवाग्रामला, कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला, आणि वर्धा नागपूरपासून पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. सकाळी तक्रार घेऊन निघालेला मंत्री दुपारी परत येऊ शकत होता. माझ्या मते हे अंतर थोडे जास्त असते तर इतिहास निराळा झाला असता, पण ते असो.

खऱ्यांना तिन्ही महाकोशली मंत्री नको झाले होते. त्यांना काढायचे कसे? इंग्लंडच्या प्रथेप्रमाणे मुख्यमंत्री म्हणजे छत्रीची दांडी. दांडी काढली की काड्या आपोआप मिटतात. मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की सगळे मंत्रिमंडळ गेले, आणि बहुमत त्याच्याच मागे असेल तर त्याने नव्या काड्या घालून छत्री पुन्हा उघडावी. खऱ्यांनी हाच मार्ग धरला. २० जुलै १९३८ ला त्यांनी राजीनामा दिला, गोळे आणि देशमुखांनीही दिला. उरलेल्या तिघांना सांगितले, तुम्हीही द्या.

तिघांनी नकार दिला. आम्हाला पक्षाने बसवले आहे, पक्षाने सांगितले तर उठू, असे त्यांचे म्हणणे. दांडी निघाली आणि तीन काड्या उघड्याच राहिल्या. गव्हर्नर होते सर फ्रान्सिस वायली, नागपूरला येऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. रात्रभर पत्रापत्री चालली. २१ जुलैच्या पहाटे त्यांनी ५१ व्या कलमाखाली तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांना पुन्हा सरकार बनवायला सांगितले. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ केले, त्यात त्या वेळी ज्यांना हरिजन म्हणत त्या समाजातल्या अग्निभोज यांना मंत्री केले, आणि शपथविधीही उरकला.

इंग्रज गव्हर्नरने काँग्रेसच्या मंत्र्यांना बडतर्फ केले, आणि तेही काँग्रेसच्याच मुख्यमंत्र्याच्या सोयीसाठी. वर्ध्याला हे कळल्यावर काय झाले असेल याची कल्पना करा. चार महिने अडून बसून जी दोरी सैल करून घेतली, ती आपल्याच माणसाने गव्हर्नरच्या हातात पुन्हा दिली होती. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. २३ जुलैला खऱ्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला, आता श्रेष्ठींच्या सांगण्यावरून. कार्यकारिणीने ठराव करून त्यांना दोष दिला. २७ तारखेला प्रांतातल्या काँग्रेस आमदारांनी वर्ध्यात नवा नेता निवडला. रविशंकर शुक्ल. ज्यांना काढण्यासाठी हे सगळे केले, त्यांच्यापैकीच एक २९ जुलैला मुख्यमंत्री झाले. पुढे शिस्तभंगाची कारवाई झाली आणि खऱ्यांचा काँग्रेसशी संबंध तुटला.

वर्गात हे सांगितल्यावर मी विचारायची, बरोबर कोण? मुले हमखास दोन गटांत वाटली जायची. एक गट म्हणायचा, आपले सहकारी निवडायचा हक्क मुख्यमंत्र्याचा नाही तर कोणाचा? दुसरा म्हणायचा, मते पक्षाला मिळाली होती, खऱ्यांना नव्हे. गांधीजींनी नंतर ‘हरिजन’मध्ये जे मांडले ते दुसऱ्या गटाच्या बाजूचे होते. काँग्रेस ही लढाऊ यंत्रणा आहे, लढाई चालू असताना तिचा ताबा एकाच जागी असला पाहिजे, मंत्रिपदे ही लढाईतली एक चौकी आहे, असा त्याचा आशय. लढाईच्या दिवसांत हे पटते. माझा प्रश्न वेगळा आहे. लढाई १९४७ ला संपली. पण वर बसलेल्यांनी मुख्यमंत्री ठरवायचा आणि आमदारांनी हात वर करायचा, ही रीत संपली नाही. ती एका पक्षापुरतीही राहिली नाही.

माझे स्वतःचे मत सांगते. खऱ्यांनी घाई केली. आधी आपल्या आमदारांची सभा घेऊन तिथे बहुमत दाखवले असते, तर पहिली दोरी त्यांच्या हातात राहिली असती. ती सोडून त्यांनी दुसरी धरली, आणि ती परक्या सरकारची होती. पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. निवडून आलेल्या विधानसभेचा नेता विधानसभेला जबाबदार, की विधानसभेबाहेरच्या चार माणसांना? आपल्या राज्यघटनेचे १६४ वे कलम आज सांगते की मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील, मंत्री मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने नेमले जातील आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असेल. तिसरी दोरी त्यात नाहीच. ‘राजकीय पक्ष’ या गोष्टीला घटनेत जागा मिळाली ती थेट १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीबरोबर. आणि राज्यपालाने कोणाला मनाप्रमाणे हलवू नये, बहुमत सभागृहातच मोजावे, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४ ला पक्के केले. खऱ्यांच्या त्या रात्रीपासून तिथवर यायला छप्पन्न वर्षे लागली.

काँग्रेस सुटल्यानंतरचे आयुष्य मला सांगायला जड जाते, पण टाळता येत नाही. १९४३ ते १९४६ खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सदस्य होते. म्हणजे ‘चले जाव’नंतर जुने सहकारी तुरुंगात, आणि हे दिल्लीत सरकारात. त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते होते. तिथे त्यांनी एक काम ठामपणे केले. दक्षिण आफ्रिकेचे गोरे सरकार तिथल्या हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर बंधने घालत होते. ‘जसे तुम्ही आमच्या माणसांशी वागाल तसे आम्ही तुमच्या माणसांशी’ असा परस्परतेचा कायदा १९४३ मध्ये झाला होता, तो त्यांच्या कारकिर्दीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध प्रत्यक्ष लागू झाला. १९४६ च्या जूनमध्ये भारताने हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांकडे नेले तेव्हाही खाते त्यांच्याचकडे होते. पुढे विजयालक्ष्मी पंडितांनी ते तिथे गाजवले. त्याचे श्रेय खऱ्यांना फारसे कोणी देत नाही. मी थोडे देते.

त्यानंतर अलवर. १९४७ च्या एप्रिलमध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. आपल्या धौलपूरच्या पलीकडे भरतपूर, त्याच्या पलीकडे अलवर, म्हणजे ग्वाल्हेरहून फार दूर नव्हे. त्याच वर्षी अलवर-भरतपूर पट्ट्यात मेव मुसलमानांच्या कत्तली झाल्या, गावेच्या गावे उठली, आणि त्यात संस्थानी फौजाही उतरल्या होत्या. राज्याचा कारभार खऱ्यांच्या हाती होता. जो माणूस कधीकाळी रात्री-अपरात्री कोणाच्याही घरी औषधाची पेटी घेऊन जात असेल, त्याच्या अमलाखाली हे घडले. याचा जाब इतिहास त्यांना विचारतो आणि विचारलाच पाहिजे. गांधीजींच्या खुनानंतर आठवड्याभरात, फेब्रुवारी १९४८ मध्ये, दिल्लीने महाराजांना आणि खऱ्यांना अलवरच्या कारभारातून बाजूला केले. कटात हात असल्याच्या संशयाची चौकशी झाली, आणि त्या आरोपातून दोघेही मुक्त झाले. मार्चमध्ये अलवर, भरतपूर, धौलपूर, करौली मिळून मत्स्य संघ झाला आणि ते पदच उरले नाही. त्यानंतर १९४९ मध्ये खरे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. नागपुरात काँग्रेसचे मुख्यमंत्री होते त्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

मग ते ग्वाल्हेरला कसे आले? त्याचे उत्तर एका साध्या नियमात आहे. एका उमेदवाराला एकाहून जास्त मतदारसंघांतून उभे राहता येते, पण दोन्हीकडे निवडून आला तर एकच जागा ठेवता येते. (दोनपेक्षा जास्त जागा लढवायच्या नाहीत ही मर्यादा १९९६ ला आली.) पहिल्या निवडणुकीत महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे गुणा आणि ग्वाल्हेर, दोन्हीकडे जिंकले. महासभेला देशभरात लोकसभेच्या जागा मिळाल्या चार, त्यातल्या दोन आपल्या या भागातल्या! देशपांड्यांनी गुणा ठेवले, ग्वाल्हेर रिकामे झाले आणि १९५२ च्या पोटनिवडणुकीत महासभेने खऱ्यांना उभे केले. ते निवडून आले.

महासभेचा इथे एवढा जोर का, याचे कारण संस्थानी राजकारणात आहे. ब्रिटिश मुलखात काँग्रेसची मुळे तीस-चाळीस वर्षांची होती. संस्थानात ती उशिरा आणि उथळ रुजली. उलट सरदार-जहागीरदार, लष्करातली मराठी नोकरदार घरे, व्यापारी यांच्यात महासभेचे चांगले बस्तान होते. राजवाड्याचा कल तिकडे आहे असेही उघड बोलले जाई. एक काळी सावलीही होती. गांधीजींवर झाडलेले पिस्तूल ग्वाल्हेरमधून मिळवले गेले होते. त्या प्रकरणी इथल्या एका डॉक्टरांवर खटला चालला, खालच्या न्यायालयात शिक्षा झाली आणि १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. हे सगळे ताजे असताना तीन वर्षांत शहराने महासभेचा खासदार निवडला, तोही अलवरहून आलेला. माझ्या आजोबांच्या पिढीने हा विषय घरात कधी काढला नाही. खऱ्यांचे नाव आमच्यापर्यंत पोहोचले नाही त्याचे हेही एक कारण असावे.

लोकसभेत खरे विरोधी बाकांवर होते. समोर पंतप्रधान नेहरू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मुलीला वारसा आणि बायकोला घटस्फोट देणारे हे कायदे याच लोकसभेने केले, आणि महासभेचा त्यांना कडवा विरोध होता. माझ्यासारख्या बाईने या बाबतीत खऱ्यांची बाजू घेणे शक्य नाही. माझ्या आईला माहेरच्या घरात जो हिस्सा मिळाला तो त्या कायद्यामुळे. भाच्याने पाठवलेले ते वाक्यही याच वैरातले आहे, एका विरोधकाने नेहरूंना लावलेले लेबल. पुढे कोणीतरी मूळ वक्त्याचे नाव पुसून ते नेहरूंच्याच तोंडी घातले. खऱ्यांचे आपल्या स्मरणातून गेलेले नाव आणि त्यांचे फिरत राहिलेले वाक्य या दोन्ही गोष्टी मला सारख्याच खटकतात.

आणि आता ते वर्ष, ज्यासाठी मी हे सगळे लिहीत आले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. ग्वाल्हेर ज्या मध्यभारत राज्यात होते (हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर, हे आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेले) ते राज्य संपले. महाकोशल, मध्यभारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवे मध्य प्रदेश झाले. नागपूर आणि वऱ्हाडचे मराठी जिल्हे त्यातून निघून मुंबई राज्यात गेले. ती तीन चुलींची जुनी मोट अखेर सुटली. नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री कोण? पंडित रविशंकर शुक्ल. म्हणजे ज्या सहकाऱ्याला काढताना खऱ्यांचे पद गेले, तोच त्यांच्या मतदारसंघाचा मुख्यमंत्री होऊन आला, आणि ग्वाल्हेरचे खासदार म्हणून खरे त्या वेळी लोकसभेत बसलेले होते. शुक्लजी त्याच वर्षी ३१ डिसेंबरला गेले. १९५७ मध्ये ग्वाल्हेरची जागा काँग्रेसने घेतली, आणि गुण्यातून विजयाराजे शिंदे काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आल्या. राजवाडा ज्या बाजूला झुकला तिकडे महासभेची मतेही गेली.

वर्गात कोणीतरी विचारायचेच, की मग त्या तिघांतल्या द्वारकाप्रसाद मिश्रांचे काय झाले? ते १९६३ ला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. १९६७ ला पुन्हा निवडणूक जिंकले. त्याच वर्षी जुलैमध्ये गोविंद नारायण सिंह यांच्यासह छत्तीस आमदार पक्ष सोडून बाहेर पडले, पाठीशी ग्वाल्हेरच्या राजमाता उभ्या राहिल्या आणि मिश्रांचे सरकार कोसळले. पक्षाची दोरी तुटली आणि विधानसभेची ओढली गेली. मार्च २०२० मध्ये बावीस आमदारांच्या राजीनाम्यांनी कमलनाथ सरकार पडले आणि आपल्या भागाला पुन्हा पोटनिवडणुकीला सामोरे जावे लागले, तेव्हा मला सारखी १९६७ ची आठवण येत होती. दोन्हीकडे ग्वाल्हेर मध्यभागी होते.

१९६७ च्या त्या जुलैत डॉ. खरे हयात होते, वय ऐंशीच्या पुढे. नागपूरच्या त्या पहाटेला तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती, महिना तोच. तीन वर्षांनी, १९७० मध्ये ते गेले.

हे सगळे मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवले. भाच्याने आपला मेसेज काढून टाकला आणि विचारले, मावशी, गोळे आणि देशमुख यांचे पुढे काय झाले? त्याचे उत्तर शोधायला बसले आहे.